काळी यादी : विधान की आज्ञा?

न मागता आलेले आणि एकाच वेळी सहस्रावधी पत्त्यांवर धाडलेले ई-मेल, ज्यास आता सर्वत्र स्पॅम म्हणतात, ते ओळखण्याचे दोन मार्ग संभवतात. पत्र उघडून त्यातील शब्द तपासणे हा एक. पत्र न वाचताच ते कोठून आले एवढेच पाहणे हा दुसरा. काळी यादी हा दुसरा मार्ग होय. भाषेच्या अभ्यासकास पहिला मार्ग अधिक जवळचा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु अर्थविचाराच्या दृष्टीने खरा मनोवेधक प्रश्न दुसऱ्यातच दडलेला आहे, आणि एखाद्या विद्यार्थ्याचा अर्ज मुदतीत पोहोचतो की नाही, हेही क्वचित त्याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते.

या पद्धतीचा प्रारंभ १९९७ च्या सुमारास झाला. अमेरिकेतील पॉल विक्सी यांनी, स्पॅम धाडणाऱ्या वा धाडू देणाऱ्या यंत्रांच्या अंकीय पत्त्यांची 'रिअलटाइम ब्लॅकहोल लिस्ट' नावाची यादी चालू केली. पुढे अशा याद्या डीएनएसच्या, म्हणजे संगणकाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणाऱ्या व्यवस्थेच्या, द्वारे विचारता येऊ लागल्या. १९२.०.२.९९ या पत्त्यावरून ई-मेल आले असे समजू. घेणारा सर्व्हर हे आकडे उलट क्रमाने मांडतो (९९.२.०.१९२), त्यापुढे यादीचे नाव जोडतो आणि अशा नावाची नोंद आहे काय, असे विचारतो. नोंद असल्यास बहुधा १२७.०.०.२ असे उत्तर येते. नसल्यास 'असे नाव नाही' इतकेच.

आता हे उत्तर नेमके काय सांगते? 'हा पत्ता आमच्या नोंदीत आहे' एवढेच. ते विधान आहे. 'पत्र अडवा' अशी आज्ञा त्यात नाही. अडवण्याचा निर्णय सर्व्हर चालवणाऱ्याचा. तथापि सर्व्हरला तशी सूचना एकदा देऊन ठेवली की विधानाचीच आज्ञा होते, आणि मग ती आज्ञा कोणाची, हे सांगणे अवघड होऊन बसते.

हा केवळ शाब्दिक खल नव्हे. २००६ मध्ये 'ई३६० इनसाइट' या अमेरिकन कंपनीने, आपले नाव यादीत घातले म्हणून 'स्पॅमहाउस' या संस्थेवर इलिनॉय राज्यात दावा लावला. स्पॅमहाउसचे कार्यालय तेव्हा लंडनमध्ये होते; अमेरिकन न्यायालयाचा अधिकार आपणांवर चालत नाही, अशी भूमिका घेऊन तिने बचाव सोडून दिला. परिणामी एक कोटी सतरा लाख डॉलरांहून अधिक भरपाईचा एकतर्फी निकाल लागला. २०१० मध्ये ही रक्कम २७,००२ डॉलरांवर आली आणि २०११ मध्ये अपील न्यायालयाने ती ३ डॉलरांवर आणली. नुकसान सिद्ध करता न आल्याने हे घडले. विधान करणारा आज्ञेस किती जबाबदार, हा मूळ प्रश्न मात्र बाजूलाच राहिला.

यादीचे लाभ उघड आहेत. पत्राचा मजकूर स्वीकारण्यापूर्वीच नकार देता येतो. त्यामुळे यंत्राचा वेळ आणि साठवणीची जागा वाचते. शिवाय यादी भाषानिरपेक्ष असते. शब्द तपासणारी गाळणी ज्या भाषेच्या नमुन्यांवर तयार झाली त्याच भाषेत चतुर ठरते. यादीला मराठी, इंग्रजी, चिनी सर्व सारखेच. पण हेच तिचे वैगुण्यही आहे. ती पत्र वाचतच नसल्याने पत्र निर्दोष आहे, हे तिला कधीच कळू शकत नाही. एका अंकीय पत्त्यामागे शेकडो माणसे असू शकतात. त्यांतील एकाचा संगणक रोगग्रस्त झाला तरी नोंद सर्वांना लागू होते. काही याद्या तर पुरवठादारावर दडपण आणण्यासाठी लगतच्या पत्त्यांचा सबंध पट्टाच नोंदवीत आल्या आहेत. सुक्याबरोबर ओलेही जळते, ते असे.

सर्वांत बोधप्रद उदाहरण मात्र 'ओआरडीबी' या यादीचे. ती डिसेंबर २००६ मध्ये बंद झाली. तरीही कित्येक सर्व्हर तिला विचारीतच राहिले. शेवटी मार्च २००८ मध्ये ती प्रत्येक प्रश्नास 'होय' असे उत्तर देऊ लागली, आणि विसराळू चालकांच्या सर्व्हरांनी सबंध जगाचे टपाल नाकारले. विधान निरर्थक झाले होते, आज्ञापालन चालूच होते.

यावर उपाय साधेच आहेत. यादीतील नोंद हा अंतिम निर्णय न मानता तिला अनेक पुराव्यांपैकी एक म्हणून गुण द्यावेत. 'स्पॅमअसॅसिन' ही प्रणाली असेच करते. अडवायचेच असल्यास पत्र मुकाट्याने टाकून देऊ नये. देवघेव चालू असतानाच नकार कळवावा, म्हणजे प्रामाणिक प्रेषकास आपले पत्र पोहोचले नाही हे तरी समजते आणि तो दूरध्वनी करू शकतो. यादीची प्रकृती ठीक आहे की नाही, हेही वेळोवेळी पाहावे. त्याची सोय आरएफसी ५७८२ या २०१० च्या दस्तऐवजात आहे: यादीत १२७.०.०.२ ही चाचणीची नोंद असलीच पाहिजे आणि १२७.०.०.१ ही असता कामा नये. दुसऱ्या पत्त्यासही 'होय' असे उत्तर आले, तर त्या यादीस विचारणे तत्काळ थांबवावे.