ताकद डिझेलची की हवेची?

‘गाडी ओढत नाही? रीमॅप करून टाक!’ डिझेल गाडीच्या मालकाला हा सल्ला हल्ली कुठेही मिळतो. लॅपटॉप जोडायचा, ईसीयूमधले, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकातले, आकडे बदलायचे, की वीस-पंचवीस टक्के ताकद वाढली. ती खरंच वाढते. पण ती येते कुठून, हे पैसे मोजण्याआधी समजून घ्यायला हवं.

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा साधारण सोळा ते वीस पट दाबली जाते, त्या दाबानेच ती पाचशे अंशांपलीकडे तापते आणि तीत फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. ॲक्सिलरेटर दाबला की मुख्यतः या फवाऱ्याचं प्रमाण वाढतं. त्यामुळे ताकद वाढवणं सोपं वाटतं: डिझेल जास्त सोडा. जुन्या ट्रॅक्टरचा पंप ‘वाढवून’ देणारे मिस्त्री नेमकं हेच करतात.

अडतं ते हवेपाशी. एक लिटर डिझेल पूर्ण जळायला सुमारे दहा हजार लिटर हवा लागते. तीही प्रत्येक थेंबाला त्याच्या वाट्याचा ऑक्सिजन दोन-तीन सहस्रांश सेकंदांत सापडला तर. तसं कधीच होत नाही, म्हणून इंजिनात हवा नेहमी गरजेपेक्षा जास्त ठेवतात. ही शिल्लक संपली की अर्धवट जळलेला कार्बन काळा धूर होऊन बाहेर पडतो. ‘बघा, काय पॉवर आहे’ म्हणून कौतुकाने दाखवला जाणारा धूर म्हणजे आपणच पैसे देऊन भरलेलं इंधन असतं.

दुसरी अडचण उष्णतेची. डिझेल वाढवत गेलं की एक्झॉस्ट आणखी तापतो. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, साडेसहाशे अंशांच्या आतच वितळणारा. त्याच्या डोक्यावरचा वायू याच्या कितीतरी पट तापलेला असतो. तरी तो टिकतो, कारण दोन स्फोटांच्या मध्ये ताजी हवा आत येते आणि बऱ्याच इंजिनांत खालून तेलाची चिळकांडी त्याच्या पोटावर उडत राहते. हा हिशेब ठरावीक डिझेलसाठीच मांडलेला असतो.

मग कंपन्या ताकद कशी वाढवतात? फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट इंजिन आपल्याकडे अनेक कंपन्यांच्या गाड्यांत आलं. मारुती स्विफ्टमध्ये ते ७५ अश्वशक्ती आणि १९० न्यूटन-मीटर टॉर्क देत होतं. एर्टिगात ९० अश्वशक्ती आणि २०० न्यूटन-मीटर. इंजिन मुळात तेच, पण एर्टिगाचा टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा, वेगळा. त्यातल्या हलत्या पात्या कमी वेगात वायूची वाट अरुंद करतात आणि वेग वाढला की ती मोकळी करतात. हवा मिळाली, म्हणून डिझेल वाढवता आलं. ताकद २० टक्के वाढली, टॉर्क मात्र जेमतेम पाच टक्के. म्हणजे क्लच आणि गिअरबॉक्सवरचा सर्वाधिक ताण फारसा वाढला नाही.

रीमॅपमध्ये बहुधा उलटं होतं. गिऱ्हाइकाला ‘पिकअप’ लगेच जाणवावा म्हणून मधल्या वेगातला टॉर्कच वाढवतात आणि क्लचप्लेट घसरायला लागते. स्वस्तातल्या अनेक ट्यूनिंग बॉक्सची युक्ती तर सरळ फसवणुकीची: कॉमन रेलमधला, म्हणजे इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला, दाब आहे त्यापेक्षा कमी असल्याचं तो ईसीयूला कळवतो. ईसीयू बिचारा दाब वाढवतो आणि ठरल्यापेक्षा जास्त डिझेल आत जातं. खरा दाब किती, हे त्यानंतर गाडीला ठाऊकच नसतं.

‘कंपनी मुद्दाम ताकद राखून ठेवते,’ असं ट्यूनर सांगतात. खरंच राखते. नागपूरच्या ४५ अंशांत, भरलेल्या गाडीनिशी, एसी चालू ठेवून घाट चढण्यासाठी. हवा तापली की विरळ होते, उंचीवर आणखी विरळ. तेवढीच हवा पुरवायला टर्बोला जास्त फिरावं लागतं. लहान टर्बोचा वेग एरवीही मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या आसपास जातो. रीमॅप ही राखीव ताकद रोजच्या खर्चाला काढून देतो.

बीएस-६ गाड्यांत आणखी एक पेच आहे. वाढलेली काजळी डीपीएफमध्ये, म्हणजे एक्झॉस्टमधल्या काजळीच्या फिल्टरमध्ये, अडकून तो लवकर तुंबतो. मग तो काढून टाकण्याचा सल्ला मिळतो आणि गाडी प्रदूषण नियमांच्या बाहेर जाते. वाहनात परवानगीशिवाय बदल करण्यावर मोटार वाहन कायद्यात बंधनं आहेत. विमा कंपनीही दाव्याच्या वेळी बोट ठेवू शकते.

म्हणून गाडी ओढत नसेल तर आधी एअर फिल्टर बघा. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचे होज कुठे फाटलेत का, एक्झॉस्टचा काही भाग परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने अडलाय का, ब्रेक धरून राहतात का, हे तपासून घ्या. जुन्या डिझेल गाडीत हरवलेली ताकद बहुतेक वेळा इथेच सापडते. हे सगळं ठीक असूनही गाडी कमीच वाटत असेल, तर रीमॅपचे पैसे जपून ठेवा आणि पुढच्या वेळी मोठ्या इंजिनाची गाडी घ्या.