तूट नेमकी कोठे?

पहाटे मोंढ्यात माल पोहोचवायचा असतो आणि नेमका त्याच वेळी टेम्पोचा सेल्फ नुसता कण्हतो. बॅटरी गेली, असे निदान चालकच करून टाकतो. नवी बॅटरी येते, चार दिवस बरे जातात, पुन्हा तेच. मग सेल्फ उघडला जातो, त्यानंतर डायनॅमोवर संशय जातो. खर्च तीन ठिकाणी होतो. मूळ दोष मात्र इंजिनाला जोडलेल्या अर्थच्या पट्ट्याखाली गंजाच्या रूपाने तसाच राहतो.

मोटारींच्या विद्युतदुरुस्तीचे खरे शिक्षण येथून सुरू होते. आयटीआयमध्ये शिकणाऱ्या तरुणाला ओमचा नियम पाठ असतो. तो गाडीत कोठे लागू पडतो, हे उमजायला मात्र वेळ लागतो. गंजलेल्या पट्ट्याचा रोध साध्या मल्टिमीटरने मोजला, तर आकडा शून्याजवळ येतो आणि पट्टा निर्दोष सुटतो. कारण मोजताना मीटर नाममात्र प्रवाह सोडतो. सेल्फ फिरताना त्याच वाटेने दीडशे अँपिअर जाऊ शकतात. तेथे अवघा ०.०१ ओहम रोध असला, तरी दीड व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात.

म्हणून जाणता कारागीर रोधाऐवजी व्होल्टेजची तूट मोजतो, आणि तीही काम चालू असताना. मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकावर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर. मदतनीस सेल्फ मारतो. आकडा साधारण ०.२ व्होल्टच्या आत राहिला, तर अर्थची वाट ठीक. दीड दिसला, तर चोर सापडला. पुढचे काम पान्याचे आणि पॉलिश पेपरचे. मंडलाला पुरवलेला प्रत्येक व्होल्ट कोठे ना कोठे खर्ची दिसलाच पाहिजे, हा किर्खोफचा १८४५ मधील नियम. ज्याने आयुष्यात एकदा तरी तेरीज जुळवली आहे, त्याला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

स्कॅनर आल्यापासून हे सारे कालबाह्य झाले, असा एक समज आहे. स्टीअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला तो जोडला की दोषांक वाचता येतो, हे खरे. पेट्रोल गाडीत पी०१७१ हा दोषांक आला, तर अर्थ इतकाच, की मिश्रणात इंधनाच्या मानाने हवा अधिक आहे. हवेचा पाइप फुटलेला असेल, हवा मोजणारा सेन्सर मळलेला असेल, किंवा इंधनाचा दाब कमी पडत असेल. घाईत मात्र ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो. तूट कळवणाऱ्या मुनिमालाच कामावरून काढण्यासारखे हे आहे!

गाडीतील संगणक एकमेकांशी ज्या दोन तारांवरून बोलतात, त्या कॅन जाळ्याची परीक्षाही मल्टिमीटरने होते. जाळ्याच्या दोन टोकांना प्रत्येकी १२० ओहमचे रोधक असतात. बॅटरी सोडवून त्या दोन तारांमध्ये मोजले, की सुमारे ६० ओहम यावेत. १२० आले, तर एक टोक तुटले, असे समजावे. महागडा कंट्रोल युनिट बदलण्यापूर्वी पाच मिनिटांचे हे काम अनेकदा राहून जाते. एअरबॅगच्या पिवळ्या आणि विजेवरील गाड्यांच्या नारिंगी तारांना मात्र शिकाऊ माणसाने हात लावू नये. तेथे प्राणाशी गाठ असते.

हे कौशल्य गॅरेजांत रुजत नाही, याचा थोडा दोष ग्राहकाकडेही जातो. हिशेब तपासनीसाचे शुल्क बिनतक्रार देणारा व्यापारी गॅरेजात मात्र ‘नुसते पाहिले, त्याचे कसले पैसे?’ असे विचारतो. मग कारागीरही शहाणा होतो. तपासणीची मजुरी मिळत नसेल, तर तो नवा भाग विकून ती वसूल करतो. पुढच्या वेळी टेम्पो अडला, की बॅटरीचे पैसे मोजण्याआधी सेल्फ मारताना घेतलेला मीटरचा आकडा मागावा आणि तो घेणाऱ्याची तासाभराची मजुरी बिलात वेगळी लिहून घ्यावी.