काळी माती, पाणी आणि भूगर्भातील तेल

माळव्याच्या काळ्या जमिनीचे ऋण आपण इंदूरकर पिढ्यान् पिढ्या मानीत आलो आहोत. होळकरशाहीत दक्षिणेतून इकडे आलेल्या आपल्या पूर्वजांना या भूमीने अन्न दिले, आसरा दिला. परंतु तिच्यावर घर बांधणाऱ्यास तिचा दुसरा स्वभावही अनुभवावा लागतो. वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा तिला पडतात, आषाढात ती फुगून एकसंध होते आणि वरची भिंत मात्र तिरपी तडकते. आयुष्यभराची पुंजी घालून बांधलेल्या घराला दोन-तीन पावसाळ्यांतच तडे जावेत, यापरते दुःख मध्यमवर्गीय कुटुंबास कोणते?

गवंड्यास बोल लावण्यापूर्वी मातीचा गुणधर्म जाणून घ्यावा, असे आम्हांस वाटते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून बनलेला काळा दगड झिजून ही माती झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज विपुल असते. त्याचे कण म्हणजे पोथीच्या पानांप्रमाणे एकावर एक रचलेले अतिसूक्ष्म पापुद्रे. पाण्याचे रेणू पापुद्र्यांमध्ये शिरले की पोथी फुगते. उन्हाने ते निघून गेले की ती मिटते.

हाच प्रकार भूगर्भात खोलवर, तेलाच्या खडकांतही घडतो. गुजरातेत अंकलेश्वरला १९६० साली तेल लागले. खंबायतच्या खोऱ्यातील त्या तेलधारी थरांच्या तळाशी आपल्या माळव्यातला काळा दगडच पसरलेला आहे. तेल तळ्यासारखे साचलेले नसते. ते खडकाच्या बारीक छिद्रांत असते. वालुकाश्माच्या छिद्रांत पुष्कळदा चिकणमातीची खनिजेही असतात. तेथील मूळचे पाणी बहुधा खारे, आणि क्षारांमुळे पापुद्रे एकमेकांस धरून राहतात. विहीर खोदताना अथवा तेल रेटण्यासाठी गोडे पाणी आत गेले, तर ही खनिजे फुगून वाट अडवतात. केओलिनाइट हे खनिज फुगत नाही; परंतु त्याचे कण सुटे होऊन वाहतात आणि छिद्रांच्या अरुंद तोंडाशी अडकतात. मग तेल असूनही वर येत नाही. म्हणून तंत्रज्ञ पाण्यात पोटॅशियम क्लोराइड मिसळतात. पोटॅशियमचे कण पापुद्र्यांवरील खळग्यांत नेमके बसतात आणि त्यांना जखडून ठेवतात.

घराच्या पायात मीठ घालून मात्र भागणार नाही! तेथे रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने सिद्ध केलेली पद्धत उपयोगी पडते. तळाशी कंदासारखा फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब सामान्यतः साडेतीन मीटर खोल, म्हणजे ओलावा बारमाही सारखा राहतो तेथवर नेतात. त्यांवरील तुळई आणि जमीन यांत थोडी पोकळीही ठेवतात, म्हणजे माती फुगली तरी भिंतीस धक्का लागत नाही.

ज्यांची घरे आधीच उभी आहेत त्यांनी भिंतीलगत पक्की फरसबंदी करावी, पागोळ्यांचे पाणी दूर न्यावे, गळके नळ त्वरित दुरुस्त करावेत आणि मोठी झाडे पायापासून लांब लावावीत. मातीचा स्वभाव आपल्याला पालटता येत नाही. तिच्यापर्यंत पोहोचणाऱ्या पाण्यावर लक्ष ठेवणे मात्र आपल्या हाती आहे.