उतारवयात मंदावलेली मूत्रपिंडे : आहार आणि दिनचर्या

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर आपल्याला पुढील गोष्टी करता येतील :
- क्रिएटिनीन, ईजीएफआर आणि लघवीतील अल्ब्युमिन या तीन आकड्यांचा अर्थ सांगणे
- मीठ, प्रथिने, पोटॅशियम, फॉस्फरस आणि पाणी यांपैकी कोणते बंधन कोणाला व केव्हा लागते ते ओळखणे
- घरातल्या नेहमीच्या स्वयंपाकात आवश्यक तेवढेच बदल सुचवणे

१. प्रस्तावना

सत्तरीतल्या आजींच्या रक्ततपासणीत 'क्रिएटिनीन थोडे वाढले आहे' असे निघते आणि दुसऱ्या दिवसापासून घरातला स्वयंपाक बदलतो. डाळ बंद, टोमॅटो बंद, फळे बंद, दूध बंद. कोणी सांगते भरपूर पाणी प्या, कोणी सांगते मोजून प्या. डायलिसिसवर असलेल्या एखाद्या नातेवाइकाची पथ्याची यादी मिळते आणि तीच आजींना लावली जाते. सहा महिन्यांनी त्यांचे वजन चार-पाच किलोंनी उतरलेले असते, बद्धकोष्ठ जडलेले असते, उठताना तोल जातो. मूत्रपिंडाचा अहवाल मात्र जवळजवळ तसाच असतो.

असे अनेक घरांत घडते. उतारवयात मूत्रपिंड मंदावले असता दोन्ही बाजूंनी धोका असतो. मीठ आणि नको ती औषधे मूत्रपिंडावर भार टाकतात, तर भीतीपोटी केलेली उपासमार स्नायू झिजवते. म्हणून या पाठाचे मुख्य सूत्र असे : पथ्य आजाराच्या नावावरून ठरत नाही, ते अहवालातील आकड्यांवरून ठरते.

२. मूत्रपिंडाचे काम आणि वय

प्रत्येक मूत्रपिंडात साधारण दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांना नेफ्रॉन म्हणतात. रक्तातील टाकाऊ द्रव्ये गाळणे, पाणी आणि क्षारांचा तोल राखणे, आम्लता आटोक्यात ठेवणे ही त्यांची कामे. याखेरीज मूत्रपिंड रक्तदाबावर नियंत्रण ठेवते, तांबड्या पेशी तयार होण्यासाठी लागणारे संप्रेरक बनवते आणि 'ड' जीवनसत्त्वाला कार्यक्षम रूप देते. त्यामुळे आजार वाढल्यावर रक्तक्षय आणि हाडांचा ठिसूळपणा हेही प्रश्न उभे राहतात.

चाळिशीनंतर गाळण्याचा वेग दरवर्षी थोडाथोडा उतरतो, हे वयोमानाप्रमाणे होणारच. त्यात मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असेल तर ही उतरण वेगाने होते. भारतात दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराची हीच दोन प्रमुख कारणे आहेत. त्यामुळे साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवणे हे मूत्रपिंडाचे पहिले पथ्य मानावे.

३. अहवाल कसा वाचावा?

क्रिएटिनीन हे स्नायूंमधून रक्तात येणारे टाकाऊ द्रव्य आहे. उतारवयात स्नायू कमी झालेले असतात, म्हणून क्रिएटिनीन मुळातच कमी तयार होते. अशा वेळी वरवर ठीक दिसणारा आकडा फसवा असू शकतो. उदाहरणार्थ, क्रिएटिनीन १.२ असलेल्या ३० वर्षांच्या पुरुषाचा अंदाजित गाळणदर सुमारे ८३ येतो. तेच १.२ क्रिएटिनीन असलेल्या ७२ वर्षांच्या स्त्रीचा गाळणदर सुमारे ४८ येतो. वय आणि लिंग धरून काढलेल्या या दराला ईजीएफआर म्हणतात. अहवालात तो छापलेला नसेल तर डॉक्टरांकडून काढून घ्यावा.

| टप्पा | ईजीएफआर (मिलि प्रतिमिनिट) |
|---|---|
| १ | ९० किंवा अधिक |
| २ | ६० ते ८९ |
| ३ अ | ४५ ते ५९ |
| ३ ब | ३० ते ४४ |
| ४ | १५ ते २९ |
| ५ | १५ पेक्षा कमी |

येथे दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, एका तपासणीवरून निष्कर्ष काढू नये. बिघाड किमान तीन महिने टिकून असेल तरच त्याला दीर्घकालीन विकार म्हणतात. जुलाब, ताप किंवा एखादे औषध यांमुळेही आकडा तात्पुरता बिघडतो. दोन, पहिल्या दोन टप्प्यांत लघवीत अल्ब्युमिन जाणे यासारखी इजेची दुसरी खूण नसेल तर त्याला आजार म्हणत नाहीत. म्हणून लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनीन प्रमाण हीसुद्धा महत्त्वाची तपासणी आहे. ते ३० मिलिग्रॅम प्रतिग्रॅमच्या आत असावे. ईजीएफआर ५० च्या आसपास स्थिर असेल आणि लघवीत अल्ब्युमिन जात नसेल, तर अशा ज्येष्ठांचा धोका बराच कमी असतो. त्यांना डायलिसिसच्या रुग्णाचे पथ्य लावणे चुकीचे ठरते.

४. मीठ : जवळजवळ सर्वांना लागू असणारे पथ्य

दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर मीठ, ही मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने सर्वच प्रौढांसाठी सांगितली आहे. मूत्रपिंडाच्या रुग्णाने ती काटेकोरपणे पाळावी. घरात तपासायची सोपी युक्ती अशी : चार माणसांच्या घरात याच मापाने एक किलोचा पुडा सुमारे ५० दिवस पुरायला हवा. तो महिन्याच्या आत संपत असेल, तर सगळ्यांच्याच ताटात मीठ जास्त पडते आहे.

मराठी ताटात डाव्या बाजूला मीठ वाढण्याची रीत आहे. ते वाढणे आधी थांबवावे. त्यानंतर लोणचे, पापड, सांडगे, खारवलेली मिरची, सुकट आणि सुके बोंबील, फरसाण, तयार सूप व नूडल्स यांकडे वळावे. पापडखार आणि खाण्याचा सोडा यांतही सोडियम असते, त्यामुळे सोडा घातलेली भजी किंवा ढोकळा चवीला खारट नसला तरी हिशेबात धरावा. सैंधव मीठही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते, त्याने सूट मिळत नाही.

'कमी सोडियमचे' म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. निरोगी माणसाला ते उपयोगी पडेल, पण मूत्रपिंड मंदावलेल्या व्यक्तीला ते धोक्याचे ठरू शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घरात आणू नये.

चवीसाठी लिंबू, जिरे, मिरे, लसूण, आले, कोथिंबीर, कढीपत्ता आहेतच. मीठ हळूहळू कमी केले की काही आठवड्यांत जिभेला त्याची सवय होते.

५. प्रथिने : कमी करायची, पण बंद नाहीत

डायलिसिस नसलेल्या तिसऱ्या ते पाचव्या टप्प्यातील प्रौढांसाठी दर किलो वजनामागे रोज ०.८ ग्रॅम प्रथिने हे सर्वसाधारण प्रमाण आहे. ५५ किलो वजनाला ते ४४ ग्रॅम होते. आपल्या साध्या शाकाहारी जेवणात प्रथिने बहुधा इतकीच असतात, म्हणजे डाळ बंद करण्याची गरज नसते. एका दिवसाचा नमुना पाहा :

| वेळ | पदार्थ | प्रथिने (सुमारे, ग्रॅम) |
|---|---|---|
| सकाळ | एक बशी पोहे, १०० मिलि दूध | ७ |
| दुपार | २ फुलके, वाटीभर भात, ३० ग्रॅम डाळीचे वरण, भाजी, वाटीभर दही | २० |
| संध्याकाळ | १०० मिलि दुधाचा चहा | ३ |
| रात्र | ज्वारीची एक भाकरी, एक अंडे किंवा वाटीभर मुगाची आमटी, भाजी | १३ |
| एकूण | | ४३ |

ऊर्जा दर किलो वजनामागे २५ ते ३५ किलोकॅलरी मिळायला हवी. ती कमी पडली तर शरीर स्वतःचे स्नायू जाळते. वरचे जेवण ऊर्जेच्या दृष्टीने या मर्यादेच्या खालच्या टोकाला आहे. वजन उतरत असेल तर चमचाभर तेल-तूप किंवा थोडा जास्त भात वाढवावा. मधुमेह असल्यास ही वाढ आहारतज्ज्ञांना विचारून करावी.

फार अशक्त झालेल्या, स्नायू झिजलेल्या ज्येष्ठांना प्रथिने उलट वाढवावी लागू शकतात. डायलिसिस सुरू झाल्यावर तर गरज दर किलो १ ते १.२ ग्रॅमपर्यंत जाते, कारण त्या प्रक्रियेत प्रथिनांचे घटक वाहून जातात. दुसऱ्या टोकाला, डब्यातली प्रोटीन पावडर स्वतःच्या मनाने घेऊ नये.

६. पोटॅशियम : आधी आकडा, मग बंधन

रक्तातील पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ असावे. ते या मर्यादेत असेल तर फळे व भाज्या बंद करण्याचे कारण नाही. त्यांतील चोथ्याने पोट साफ राहते. मूत्रपिंड मंदावल्यावर आतड्यांवाटे जास्त पोटॅशियम बाहेर पडू लागते, त्यामुळे बद्धकोष्ठ टाळणे हाही पोटॅशियम आवरण्याचाच भाग आहे.

आकडा वाढलेला असेल तर मात्र काळजी घ्यावी. फार वाढलेले पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवते आणि पुष्कळदा आधी कोणतेही लक्षण दाखवत नाही. अशा वेळी पुढील बदल उपयोगी पडतात :

- शहाळ्याचे पाणी, फळांचे रस, केळी, खजूर, सुकामेवा, टोमॅटोचे सार टाळावे. एका मध्यम केळ्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. त्याऐवजी सफरचंद, पेअर, पपईची लहान फोड चालू शकते.
- बटाटा, सुरण, रताळे सोलून बारीक चिरावे, भरपूर पाण्यात उकडावे आणि ते पाणी टाकून द्यावे. पालेभाजीही उकडून, पिळून करावी. सालासकट उकडलेल्या बटाट्यातले पोटॅशियम तितके निघत नाही.
- हाच नियम उलट बाजूनेही लागू होतो. डाळीचे पोटॅशियम शिजवलेल्या पाण्यात उतरते, म्हणून पुरणाची डाळ निथळून उरलेल्या कटाची आमटी टाळावी.
- पोटॅशियम वाढवणारी काही रक्तदाबाची औषधे मूत्रपिंडाला उपकारकही असतात. ती स्वतःहून बंद करू नयेत.

कमरख, म्हणजेच स्टार फ्रूट, मात्र आकडा कसाही असला तरी खाऊ नये. त्यातील विषारी द्रव्य मंदावलेल्या मूत्रपिंडातून बाहेर पडत नाही आणि उचकी, भ्रम, झटके येऊ शकतात.

उपवासाचे ताट : साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, बटाट्याची भाजी, केळे, खजूर असे उपवासाचे ताट एका दिवसात पोटॅशियम आणि फॉस्फरस दोन्ही वाढवते. पोटॅशियम वाढलेल्या ज्येष्ठांनी वरईचा भात, थोडे दही आणि एखादे सफरचंद एवढ्यावर उपवास ठेवावा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना निराहार राहू नये. मूत्रपिंड मंदावल्यावर इन्सुलिन आणि काही गोळ्यांचा परिणाम जास्त वेळ टिकतो व साखर अचानक उतरते. तशी उतरली तर फळाच्या रसाऐवजी साखर किंवा ग्लुकोज द्यावे.

७. फॉस्फरस

वाढलेले फॉस्फरस हाडे कमकुवत करते आणि रक्तवाहिन्या कडक करते. डाळी व धान्यांतील फॉस्फरस आतड्यांतून थोडेच शोषले जाते. याउलट काळ्या रंगाची कोला पेये, प्रक्रिया केलेले चीज आणि तयार मांसपदार्थ यांत मिसळलेले फॉस्फेट जवळजवळ पूर्ण शोषले जाते. त्यामुळे बंधनाची सुरुवात डाळीपासून करू नये, बाटलीबंद व पाकीटबंद पदार्थांपासून करावी.

८. पाणी

'जास्त पाणी प्यायले की किडनी धुऊन निघते' हा गैरसमज आहे. सूज नसेल आणि लघवी व्यवस्थित होत असेल तर नेहमीइतके पाणी प्यावे. उतारवयात तहान कमी लागते, म्हणून उन्हाळ्यात आठवणीने घोट घोट घ्यावे. पायांवर सूज, दम लागणे, हृदयविकार किंवा लघवी कमी होणे असेल तर डॉक्टर दिवसाचे माप ठरवून देतात. त्यात चहा, ताक, आमटी, औषधाबरोबरचे पाणी सगळे मोजावे. रोज सकाळी एकाच वेळी वजन करावे. दोन-तीन दिवसांत ते दोन किलोने वाढले तर ती चरबी नसते, साठलेले पाणी असते. त्या वेळी डॉक्टरांना लगेच कळवावे.

९. औषधे आणि दिनचर्या

गुडघेदुखीवर दुकानातून आणलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाचे मोठे नुकसान करतात. घटक माहीत नसलेली भस्मे व चूर्णे यांत जड धातू असू शकतात. कोणत्याही डॉक्टरांकडे गेल्यावर, दंतवैद्याकडेसुद्धा, आपला ईजीएफआर सांगावा.

उलट्या-जुलाब किंवा तीव्र ताप असताना शरीरातील पाणी कमी होते. त्या दिवसांत रक्तदाबाची, लघवी वाढवणारी आणि मधुमेहाची काही औषधे तात्पुरती थांबवावी लागतात. कोणती व किती दिवस, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे.

झेपेल तसे रोज चालावे. खुर्चीतून हात न टेकता उठण्या-बसण्याचा सराव पायांचे स्नायू टिकवतो. तंबाखू व धूम्रपान सोडावे. फ्लू, न्यूमोनिया आणि हिपॅटायटिस बी यांच्या लसींबद्दल डॉक्टरांना विचारावे. लघवी अचानक कमी होणे, दम लागणे, छातीत धडधड, न थांबणाऱ्या उलट्या, भ्रम किंवा अतिशय गुंगी यांपैकी काही दिसल्यास वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

१०. सारांश

प्रस्तावनेतील आजींचा ईजीएफआर ४८, पोटॅशियम ४.४ आणि लघवीत अल्ब्युमिन नाही असे समजू. त्यांना लोणचे-पापड सोडायचे आहेत, वेदनाशामक गोळ्या थांबवायच्या आहेत आणि रक्तदाब सांभाळायचा आहे. वरण, दही, टोमॅटो, फळे त्यांच्या ताटात परत यायला हवीत. उद्या अहवाल बदलला तर पथ्य बदलेल. तोपर्यंत घरातल्यांबरोबर बसून पोटभर जेवणे हाही उपचाराचाच भाग आहे.

स्वाध्याय

१. क्रिएटिनीन सारखेच असूनही तरुण आणि वृद्ध व्यक्तींचा ईजीएफआर वेगळा का येतो?
२. कमी सोडियमचे मीठ मूत्रपिंडाच्या रुग्णाला का धोक्याचे ठरू शकते?
३. ६० किलो वजनाच्या, चौथ्या टप्प्यातील, डायलिसिस नसलेल्या व्यक्तीची प्रथिनांची गरज काढा व आपल्या घरच्या पदार्थांचे एक दिवसाचे ताट मांडा.
४. आपल्या घरी महिन्याला किती मीठ लागते ते नोंदवा आणि माणशी रोजचे प्रमाण काढा.