शपथा पुरे, आता उपचार!

पगाराच्या दिवशीच निम्मे पैसे मटक्याच्या आकड्यावर जातात. शपथा होतात, मोडतात. घरचे म्हणतात, “वाया गेला!” पण त्याचे बालपण आठवून पाहा. एका जागी बसवत नसे? अभ्यास अर्धवट राही? रांगेत धीर धरवत नसे? बाराव्या वर्षाआधीपासून असे असेल, तर तो अवधानाचा विकार, म्हणजे ‘एडीएचडी’ असू शकतो. तो पुष्कळांत मोठेपणीही राहतो आणि अशांत जुगाराचे व्यसन जास्त आढळते. महिनाअखेरच्या पगारापेक्षा झटपट निकाल या मनाला ओढतो. हरल्यावरही थांबवत नाही.

अर्थात प्रत्येक चंचल माणूस जुगारी नसतो, आणि प्रत्येक जुगाऱ्याला हा विकार नसतो. म्हणून निदान घरी करू नका. मानसोपचारतज्ज्ञांना व्यसनाबरोबर लहानपणच्या खोडीही सांगा. दोन्हींवर उपचार आहेत. २०१३ साली अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने जुगाराला दारूसारख्या व्यसनांच्याच गटात घातले.

तोवर पगार घरातल्या विश्वासू माणसाच्या हाती राहू द्या. नवे कर्ज काढून जुने फेडू नका. सरकारच्या ‘टेली-मानस’चा १४४१६ हा फोन मोफत आहे, मराठीतही बोलता येते.