जुन्या २०७ चा रेडिएटर बदलताय? आधी माप घ्या, मग पैसे मोजा

*वाहन सल्ला – मालवाहतूक करणाऱ्या सर्व सभासदांसाठी*



मागच्या टोमॅटो हंगामात आपल्या एका सभासदाची जुनी २०७ भरल्या कॅरेटनिशी नारायणगावला निघाली आणि चंदनापुरी घाटात वाफ सोडून उभी राहिली. रेडिएटर आठच दिवसांपूर्वी नवा टाकलेला. दुकानात विचारलं, "टू झिरो सेव्हनचा आहे का?" दुकानदार म्हणाला, "आहे की, बसतो." मिस्त्रीने पट्टी वाकवून, नवी भोकं पाडून तो बसवला. बसला खरा. पण जाळी जुन्यापेक्षा दोन इंच अरुंद होती, आणि फॅनभोवतीचं कव्हर जुळेना म्हणून ते काढून ठेवलेलं. दुसरी गाडी मागवून माल हलवेपर्यंत लिलाव उरकला होता. हेड गॅस्केट गेलं ते वेगळंच.

अशा जुन्या गाड्या आपल्याकडे अजून बऱ्याच आहेत आणि त्यांच्यावरच माल बाजारात पोचतो. म्हणून हा मेसेज जरा लांब आहे, पण सवडीने वाचा.

*गाडीचं नाव सांगून रेडिएटर मागू नका.* एकाच नावाखाली कंपन्यांनी वेगवेगळी इंजिनं दिली आहेत. टाटाच्या सुरुवातीच्या पिकअपला १९४८ सीसीचं डिझेल इंजिन होतं. नंतरच्या २०७ डीआयला २९५६ सीसीचं, म्हणजे जवळजवळ दीडपट. दोन्हींना लोक '२०७' च म्हणतात. महिंद्राच्या जुन्या गाड्यांतही कुठे प्यूजोचं इंजिन, कुठे २५२३ सीसीचं डीआय. इंजिन मोठं तशी उष्णता जास्त, आणि ती बाहेर टाकायला जाळीही तेवढी मोठी लागते. म्हणून दुकानात जाताना आरसी सोबत ठेवा. इंजिन नंबर, चॅसी नंबर आणि बनावटीचा महिना-वर्ष, हे तीन सांगा. जुन्या रेडिएटरच्या टाकीवर पितळी पट्टी किंवा कोरलेला नंबर असेल तर पुसून त्याचा फोटो काढा. तो नंबर मिळाला तर अर्धं काम झालं.

पण त्याच्याही आधी एक गोष्ट. *दोष रेडिएटरचाच आहे का?* गाडी गरम झाली की सगळे रेडिएटरच्या मागे लागतात. फॅन बेल्ट ढिला असेल, थर्मोस्टॅट अडकला असेल, वॉटर पंप गळत असेल, तरी गाडी गरमच होते. बाहेरून जाळीत भुसा, किडे, चिखल बसला असेल तर हवाच जात नाही. अशा वेळी आतल्या बाजूने, म्हणजे इंजिनकडून पुढे, हलक्या पाण्याने धुवा. वॉशिंगवाल्याचा जोराचा फवारा जवळून मारला तर जाळीच्या पात्या आडव्या होतात. थंड इंजिन चालू करून झाकणाच्या तोंडातून सतत बुडबुडे येत राहिले तर हेड गॅस्केट तपासून घ्या, नवा रेडिएटर त्याला उपाय नाही.

झाकणही बघा. ते नुसतं झाकण नाही, ते दाब धरून ठेवतं. झाकणावर ०.९ असा आकडा असेल आणि त्याची स्प्रिंग, रबर चांगलं असेल तर आतलं पाणी साधारण ११८ अंशापर्यंत उकळत नाही. रबर गेलं की तेच पाणी १०० च्या आसपास उकळून बाहेर पडतं. थोडक्या पैशाचं झाकण बदलून गाडी ठीक झाल्याची उदाहरणं आहेत. मात्र गरम गाडीचं झाकण कधीही उघडू नका. तोंड, हात भाजतात. आणि तापलेल्या इंजिनवर गार पाणीही ओतू नका, हेडला चीर जाते.

आता मापं. जुना रेडिएटर काढून जमिनीवर आडवा ठेवा. टाक्या सोडून फक्त जाळीची उंची, रुंदी आणि जाडी मिलिमीटरमध्ये लिहा. पाण्याच्या नळ्यांच्या किती ओळी आहेत ते मोजा, दोन की तीन. वरचं तोंड डावीकडे की उजवीकडे, खालचं कुठे, आणि दोन्ही तोंडांचा बाहेरचा व्यास किती. इथे दोन-तीन मिलिमीटरचा फरकही चालत नाही. क्लॅम्प आवळून पाईप बसल्यासारखा वाटतो आणि भर घाटात निसटतो. बसवायच्या भोकांचं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत घ्या.

एक माप मात्र गाडीतच घ्यायचं असतं आणि तेच बहुतेक जण विसरतात. फॅनच्या पात्यापासून जाळीपर्यंत किती जागा आहे? "दोन ओळींऐवजी तीन ओळींचा टाका, गाडी गार राहील" असं सांगणारे भेटतील. जाड जाळी फॅनच्या जवळ येते, इंजिन हलतं, आणि एका खड्ड्यात पातं जाळी फाडतं. निदान बोटभर मोकळी जागा राहिलीच पाहिजे.

फॅनभोवतीचं कव्हर, ज्याला मिस्त्री काउल म्हणतात, ते काढून फेकू नका. सपाट रस्त्यावर वेगात असताना समोरची हवा आपोआप लागते, तेव्हा काउल नसलं तरी कळत नाही. घाटात भरली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये चढते तेव्हा समोरून हवा नसते, सगळी मदार फॅनवर. काउल नसेल तर फॅन आजूबाजूची गरम हवाच फिरवत बसतो आणि जाळीचे कोपरे कोरडे राहतात. नव्या रेडिएटरवर काउल बसत नसेल तर तो रेडिएटर आपल्या गाडीचा नाही असं समजा.

बाजारात आता ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकच्या टाक्या असलेले रेडिएटर जास्त दिसतात. हलके, स्वस्त, पण टाकीला तडा गेला तर दुरुस्ती टिकत नाही. जुन्या गाडीचा मूळ रेडिएटर तांब्या-पितळेचा असेल तर तो भंगारात देण्याची घाई करू नका. टाक्या आणि पट्ट्या चांगल्या असतील तर रेडिएटरवाल्याकडून *फक्त जाळी नवी* करून घेता येते. तोंडं, भोकं, काउल सगळं जिथल्या तिथे राहतं. जुन्या २०७ साठी मला तरी हाच मार्ग पसंत आहे. जाळी करायला देताना ओळी आणि पात्यांची दाटी मूळ जाळीइतकीच ठेवायला सांगा, विरळ जाळी स्वस्तात पडते आणि घाटात महागात जाते. हवा भरून, पाण्यात बुडवून, बुडबुडा येत नाही हे स्वतः उभं राहून बघा, मगच पैसे द्या.

बसवताना खालची रबरं नवी टाका. रबराशिवाय कसून आवळलेला रेडिएटर चॅसीबरोबर पिळवटतो आणि झाळ सुटते. पाणी बोअरचं नको. आपल्याकडच्या क्षाराच्या पाण्याने चहाच्या भांड्याला जसा पांढरा थर बसतो तसाच नळ्यांत बसतो. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात. हळू ओता. झाकण न लावता थंड इंजिन चालू करा, वरचा पाईप गरम होईपर्यंत थांबा, हवा निघून पातळी उतरली की पुन्हा भरा आणि मग झाकण लावा.

हळदीचं विचारणारे बरेच आहेत म्हणून सांगतो. हळद टाकून बारीक गळती थांबते, खोटं नाही. पण तीच हळद चांगल्या नळ्यांतही बसते. घरी पोचण्यापुरतं ठीक, त्यानंतर रेडिएटर धुवून घ्या.

संकलन केंद्रावर टेप आणि कॅलिपर ठेवला आहे, कोणीही वापरा. खरेदीआधी आरसी, जुन्या रेडिएटरचे पुढून-मागून फोटो आणि लिहिलेली मापं ग्रुपवर टाका. आपल्यात तसलीच गाडी असलेला कोणी ना कोणी आहे, त्याने कुठला बसवला ते कळेल. दुकानदाराकडून 'माप जुळलं नाही तर परत घेऊ' असं बिलावर लिहून घ्या, आणि रंग उडेल अशी खाडाखोड किंवा नवं भोक त्यावर पाडू नका, मग कोणी परत घेत नाही.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी, वाहतूक विभाग