नसलेल्या दुकानाचा इतिहास

खारघरचा इतिहास लिहावयास बसलेल्याची लेखणी साहजिकच जे जे बांधले गेले त्याकडे वळते: सिडकोने आखलेली सेक्टरे, उत्सव चौक, सेंट्रल पार्क, डोंगराच्या कुशीतले गोल्फचे मैदान, टाटा स्मारकाचे कर्करोग संशोधन केंद्र आणि १७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर धावू लागलेली मेट्रो. परंतु या नगराने जी ओळख सर्वांत चिकाटीने जपली ती एका न उभारलेल्या वास्तूची आहे. आपल्या हद्दीत दारूचे दुकान येऊ द्यावयाचे नाही, हा निर्धार ग्रामपंचायतीच्या काळापासून येथील रहिवाशांनी धरला. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आल्यावर तिच्या सभागृहापर्यंत तो नेला. आणि ज्या ज्या वेळी कुणाला परवाना मिळाल्याची वार्ता आली त्या त्या वेळी निवेदने, मोर्चे, धरणी यांचा क्रम न चुकता पार पाडला. या निर्धाराची वंशावळ मात्र खारघरपेक्षा पुष्कळ जुनी आहे.

ज्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यात पनवेल तालुका मोडतो, तो जिल्हा एके काळी मद्यनिर्मितीसाठीच विख्यात होता. खाडीपलीकडच्या उरणास पारशी मालकांच्या मोहाच्या भट्ट्या होत्या, आणि तेथली दारू मुंबईच्या बाजारात जात असे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने या धंद्याची सूत्रे सरकारने आपल्या हाती घेतली. मक्ते दिले गेले, ताडाच्या झाडामागे कर बसला, आणि १८९२ साली तर ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांसाठी खास कायदा करून मोहाच्या फुलांवरसुद्धा निर्बंध घातला गेला. घरच्या घरी गाळणाऱ्या कातकऱ्याला किंवा आगऱ्याला व्यसनातून सोडवावे, असा सात्त्विक हेतू त्यामागे होता असे मानण्याइतका भोळेपणा कुणी दाखवू नये. करमुक्त थेंब कुणाच्या घशाखाली उतरू नये, एवढीच सरकारची चिंता होती. प्रजेच्या पिण्याविषयी सरकारला आस्था वाटू लागते ती बहुधा महसुलाच्या वाटेने, ही गोष्ट तेव्हापासून आजवर फारशी पालटलेली नाही.

याच सुमारास, १८८० साली, पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुल्यांनी शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेला पत्र लिहिले. त्या पत्राचे स्मरण येथे मुद्दाम करावयाचे ते अशासाठी, की परवाना देणारा एक आणि परिणाम भोगणारा दुसरा, ही विसंगती त्यात स्थानिक कारभाराच्या दप्तरात येऊन पोहोचली. दुकान उघडते अबकारी खात्याच्या हुकुमाने, आणि उद्ध्वस्त संसार, रस्त्यावरचे दंगे व बिघडलेले आरोग्य यांचा भार पडतो नगरावर! पुढे १९०८ मध्ये पुण्यात टिळकांच्या अनुयायांनी दुकानांपुढे निरोधन केले. खेर मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी जारी केली, त्या वेळी खात्याची धुरा डॉ. गिल्डर यांच्याकडे होती. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने तर मोरारजीभाईंच्या करारी देखरेखीखाली सबंध राज्यच कोरडे करण्याचा संकल्प सोडला गेला. गल्लीबोळांतून हातभट्ट्या फोफावल्या, पोलिसांचे हात ओले झाले, आणि साठीच्या दशकात वसंतराव नाईकांच्या कारकिर्दीत बंधने क्रमाक्रमाने सैल करण्यात आली.

बंधने सैल झाली, पण कायदा मात्र रद्द झाला नाही. आणि महाराष्ट्राच्या मद्यनीतीतील सर्व दुटप्पीपणाचे मूळ माझ्या मते येथे आहे. ज्या कायद्याखाली आज दारू विकली जाते त्याचे नाव महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम असेच आहे. त्याच्या दृष्टीने मद्यपान हा मूलतः अपराध, आणि परवाना हा त्यास अपवाद. पूर्वी चाळिशी उलटलेल्या गृहस्थास प्रकृतीच्या कारणास्तव परमिट मिळे व महिन्याकाठी ठरावीक युनिटे त्याच्या नावे लिहिली जात. त्या परमिटावरून ‘परमिट रूम’ हा शब्द आपल्या पाट्यांवर चढला. आजही बिअर व वाईन यांसाठी वयाची एकवीस वर्षे, विदेशी मद्यासाठी पंचवीस वर्षे आणि हाती परवाना, अशी अट आहे. एका दिवसाचा परवाना विदेशी मद्यासाठी पाच रुपयांत आणि देशीसाठी दोन रुपयांत मिळतो. आता हा पाच रुपयांचा कागद प्रत्यक्षात कसा वापरला जातो ते कुठल्याही वाईन शॉपच्या जाळीपुढे क्षणभर उभे राहून पाहावे: गिऱ्हाईक क्वार्टरचे नाव सांगते, जाळीतून काळी पिशवी बाहेर येते, पैसे आत जातात, वय कुणी विचारत नाही, नाव कुणी लिहून घेत नाही, आणि परवान्यांचा हिशेब दुकानदार व खाते यांच्यात परभारे मिटतो. वास्तविक या कागदात एक थोर कल्पना दडलेली होती. ‘मी जाणता आहे, मी पिणार आहे, आणि त्याचे उत्तरदायित्व माझे आहे,’ असे मनुष्याने स्वतःच्या सहीनिशी कबूल करावे, याहून वैयक्तिक जबाबदारीचा स्वच्छ उच्चार कोणता असणार? आपण त्याची पावती करून टाकली.

व्यक्ती आणि खजिना यांच्यामधील हा व्यवहार असा सुखेनैव चालू असताना शेजाऱ्याला त्यात कोठेच स्थान नव्हते. ते मिळाले २५ मार्च २००८ च्या शासकीय आदेशाने, ज्याला गावोगावच्या स्त्रिया ‘आडवी बाटली’ या नावाने ओळखतात. गावातील किंवा प्रभागातील पंचवीस टक्के स्त्री-मतदारांनी अर्ज करावा, सह्यांची पडताळणी व्हावी, मग गुप्त मतदान व्हावे. मतपत्रिकेवर दोन चित्रे, दुकान राहावे असे वाटणाऱ्यांसाठी उभी बाटली आणि बंद व्हावे असे वाटणाऱ्यांसाठी आडवी. पडताळणीच्या दिवशी रोजगार बुडवून शाळेच्या ओट्यावर ताटकळत बसलेल्या आणि आपली सही मतदारयादीतील नावाशी जुळते की नाही याची धास्ती बाळगणाऱ्या बायका ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना या लोकशाहीची किंमत समजेल. शिवाय अट अशी, की झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतील एकूण स्त्री-मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीस पडली पाहिजेत. म्हणजे माहेरी गेलेली, आजारी पडलेली, फार काय, मरूनही यादीत राहिलेली स्त्री ही उभ्या बाटलीच्याच पारड्यात! एवढे असूनही महाराष्ट्रात कित्येक ठिकाणी दुकाने आडवी झाली, हे त्या बायकांच्या जिद्दीचे श्रेय.

खारघरची अडचण मात्र याहून विलक्षण. जे दुकान उभेच नाही ते आडवे कसे करावयाचे? आदेश चालू परवाना बंद करण्यासाठी आहे. परवाना येऊच नये अशी इच्छा असणाऱ्या वस्तीला त्यात दार नाही. ग्रामपंचायतीने ठराव करावा, महानगरपालिकेच्या सभागृहाने शिक्कामोर्तब करावे, आणि उत्पादन शुल्क खात्याने सर्व नियमांची पूर्तता झाल्याचे पाहून परवाना द्यावा, यात कायद्याच्या दृष्टीने कोणीच चुकत नाही. किरकोळ विक्रीचे नवे परवाने सत्तरीच्या आरंभापासून गोठविलेले असले तरी जुन्या परवान्याचे स्थलांतर होऊ शकते, आणि तारांकित हॉटेले व उपाहारगृहे यांचा मार्ग निराळाच. खारघरात वादळे उठली ती बहुतांशी या दुसऱ्या मार्गाने आलेल्या परवान्यांवरून. प्रत्येक खेपेस पाहणाऱ्यास असे वाटे, की नागरिक एका हॉटेलाशी भांडत आहेत. भांडण होते फुल्यांच्या पत्रातले.

या चळवळीवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो टाळण्यासारखा नाही. खारघरचा रहिवासी काही पीत नाही असे नव्हे. तो बेलापुरास जातो, कळंबोलीस जातो, आणि शीव-पनवेल महामार्गावरून गाडी हाकीत परत येतो. रक्ताच्या शंभर मिलिलिटरमागे तीस मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीपासून पहिल्या गुन्ह्यास दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा आहेत. तरी अंतर हेच कधी कधी अपघाताचे कारण होते, हे मान्य केले पाहिजे. परंतु जिल्हाव्यापी बंदी आणि वस्तीची बंदी यांत मी भेद करतो. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ पासून सबंध जिल्हा कोरडा केला गेला आणि मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ती बंदी उठविली. त्या मधल्या वर्षांत चोरट्या दारूच्या तक्रारींनी सभागृहे गाजली. खारघरने कुणाच्या घशावर पहारा बसविला नाही. शाळेच्या वाटेवर, सोसायटीच्या दारात गुत्ता नको, एवढेच त्याचे मागणे. पिणाऱ्यास थोडी पायपीट पडेल, आणि त्या पायपिटीत काहींचा बेत बारगळेल. मोहाची वस्तू हाताशी नसणे ही दुर्बळ मनाला मोठी मदत असते. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त तळीरामाचे आर्यमदिरामंडळ सुधाकराच्या हाताशी नसते तर, असा विचार प्रेक्षकाच्या मनात येऊन जातोच ना?

वैयक्तिक निग्रहाचा दुसरा प्रवाहही याच मुलखातला. रेवदंड्याच्या नानासाहेब धर्माधिकाऱ्यांनी सुरू केलेल्या श्रीबैठकींनी दासबोधाच्या निरूपणातून रायगड-ठाण्यातील असंख्य कुटुंबांची दारू सोडविली. तो वारसा चालविणाऱ्या आप्पासाहेबांना महाराष्ट्रभूषण देण्याचा समारंभ १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्याच मैदानावर झाला, आणि भर उन्हात तिष्ठत ठेवलेल्या श्रोत्यांपैकी चौदा जण उष्माघाताने दगावले. ज्या माणसांनी स्वतःच्या बळावर व्यसन सोडले, त्यांच्या डोक्यावर साधा मांडवही शासनाला घालता आला नाही, याची खंत आजही जात नाही. आगरी गावांतून हळदीच्या रात्री वाहणारी दारू बंद करण्याचे ठराव होत आहेत, तेही असेच कोणत्याही खात्याच्या परिपत्रकावाचून.

शासनाची पावले मात्र दोन्ही दिशांना पडत राहिली. टाळेबंदीत, मे २०२० मध्ये, मद्याची दुकाने उघडण्यात आली आणि घरपोच विक्रीलाही मुभा मिळाली. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दालनांतून वाईन विकण्याचा निर्णय झाला आणि विरोधामुळे तो अमलात आला नाही. जून २०२५ मध्ये विदेशी मद्यावरील शुल्क वाढवून सुमारे चौदा हजार कोटींच्या वाढीव महसुलाची अपेक्षा धरण्यात आली. त्याआधी, मार्च २०२५ मध्ये, गृहनिर्माण संस्थेच्या आवारात बिअर वा मद्याचे दुकान काढावयाचे तर संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र आवश्यक राहील, अशी घोषणा अजित पवारांनी विधानसभेत केली. शेजाऱ्याचा होकार आधी विचारला जावा हे तत्त्व येथे उच्चारले गेले, आणि सोसायट्यांनीच बनलेल्या खारघरने या घोषणेचे स्वागत करावे हे योग्यच. तथापि स्वतंत्र भूखंडावर उभ्या असलेल्या हॉटेलास कोणत्याही संस्थेची ना-हरकत लागत नाही, आणि खारघरचे आजवरचे बहुतेक तंटे अशाच भूखंडांवरून झालेले आहेत.